टेबलाभोवती कोण बसणार?

(फोरमच्या वार्षिक बैठकीत न्यू जर्सीतील एका सभासद भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



'आपत्ती आणि आपण' असा विषय मला संयोजकांनी दिला. हा विषय कोणत्याही मराठी माणसाला दिला की त्याच्या डोळ्यांपुढे आधी किल्लारी येते. मग २६ जुलैची मुंबई येते, माळीण येते, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर येतो. ते साहजिकच आहे. अशा प्रत्येक वेळी आपण इथे चेकबुक काढले, कपडे गोळा केले, कार्यक्रम करून निधी जमवला. या खोलीत असे कित्येक जण बसले आहेत ज्यांनी त्यासाठी रजा खर्च करून तिकडे जाऊन काम केले आहे. त्या कामाबद्दल मला आदर आहे आणि आज मी त्याविषयी बोलणार नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. तिकडच्या आपत्तीत आपण देणगीदार असतो. मग इकडच्या आपत्तीत आपण कोण असतो? ज्या टाऊनशिपमध्ये आपण वीस-पंचवीस वर्षे प्रॉपर्टी टॅक्स भरतो, तिच्या आपत्ती नियोजनाच्या कागदात आपले नाव कुठे आहे का? मंडळाचे, देवळाचे, मराठी शाळेचे?

१ सप्टेंबर २०२१ ची संध्याकाळ आठवा. इडा वादळ २९ ऑगस्टला लुइझियानाच्या किनाऱ्याला लागले होते. आपल्याकडे येईपर्यंत वारा ओसरला होता, उरला होता तो पाऊस, त्यामुळे पुष्कळांनी ते मनावर घेतले नाही. नेवार्कला त्या एका दिवसात ८.४१ इंच पाऊस पडला. न्यू जर्सीत तीस माणसे गेली आणि त्यातली बरीचशी गाडीत किंवा गाडीतून बाहेर पडताना गेली. पलीकडे क्वीन्समध्ये तळघरातल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी माणसे बुडाली. त्यांत दक्षिण आशियाई कुटुंबेही होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईतही माणसे बंद गाड्यांत गुदमरून गेली होती. त्या दिवसाच्या गोष्टी आपण इथे बसून एकमेकांना सांगितल्या, पण त्यातले आपल्या गाडीच्या किल्लीला लागू पडेल असे काही उचलले नाही.

तर आज मी टेबलटॉप एक्सरसाइज या एका साध्या गोष्टीविषयी बोलणार आहे. गेली काही वर्षे निवृत्तीनंतरचा माझा बराचसा वेळ टाऊनशिपच्या स्वयंसेवक पथकात, म्हणजे सर्टमध्ये, आणि असे सराव घडवून आणण्यात जातो. सर्ट ही कल्पना लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने १९८५ च्या सुमारास सुरू केली आणि १९९३ पासून फेमाने ती देशभर नेली. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

टेबलटॉप म्हणजे काय, हे सांगायला आपले नाटक फार उपयोगी पडते. आपल्यातले निम्मे लोक एकांकिका स्पर्धेत कधी ना कधी उभे राहिलेलेच आहेत. नाटकाचे आधी वाचन होते, मग उभ्या तालमी, आणि शेवटी कपडे-दिव्यांसकट रंगीत तालीम. आपत्तीच्या तयारीतही तसेच आहे. शाळेतली फायर ड्रिल ही उभी तालीम. भोंगे वाजवत ट्रक येतात, खोटे जखमी स्ट्रेचरवर घालतात, ती रंगीत तालीम. टेबलटॉप म्हणजे वाचन. सगळी पात्रे टेबलाभोवती बसतात, कोणीही जागचे हलत नाही, आणि 'आता असे झाले आहे, तुम्ही काय कराल?' एवढाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. याचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रशियन सैन्यातल्या नकाशावरच्या युद्धखेळात आहे, पण त्यात काही लष्करी राहिलेले नाही. तुमच्यातले आयटीवाले डेटा सेंटर बंद पडले तर काय, याचा असाच सराव ऑफिसात दरवर्षी करतात. कंपनीच्या सर्व्हरसाठी आपण जे करतो ते स्वतःच्या आई-वडिलांसाठी केलेले नसते, एवढाच फरक.

खर्च जवळजवळ शून्य. एक मोठी खोली, तीन तास, कॉफी आणि बेगल्स. सूत्रधार एक, टिपणे घेणारे दोन. नियम थोडे: प्रसंगाशी भांडायचे नाही, म्हणजे 'असा पाऊस इथे पडतच नाही' असे म्हणायचे नाही. कोणाची परीक्षा नाही. आणि उत्तर 'आपण करू' असे चालत नाही. कोण करणार, कोणत्या नंबरवर फोन करून करणार, हे सांगावे लागते. मराठी कार्यकारिणीत वाढलेल्या माणसाला हा शेवटचा नियम सर्वात जड जातो.

आमच्या गावात केलेल्या एका सरावाची हकीकत सांगते. शनिवारी सकाळी लायब्ररीच्या खोलीत सव्वीस माणसे होती. टाऊनशिपचा आपत्ती व्यवस्थापन समन्वयक (न्यू जर्सीत कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला असा एक माणूस नेमावाच लागतो, आमच्याकडे तो पोलिस खात्यातला आहे), स्वयंसेवी अग्निशमन दलाचे चीफ, फर्स्ट एड स्क्वॉडची कॅप्टन, आरोग्य खात्याची नर्स, शाळांच्या इमारती सांभाळणारे गृहस्थ, रेड क्रॉसची एक कार्यकर्ती. आपल्या बाजूने मंडळाचे अध्यक्ष आणि खजिनदार, देवळाचे एक विश्वस्त, ज्येष्ठांच्या डे केअरच्या व्यवस्थापक बाई. शिवाय मशिदीचे प्रतिनिधी, गुरुद्वारातले एक सरदारजी, आणि एका कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर. मी सूत्रधार होते.

प्रसंग आम्ही मुद्दाम आपला घेतला. गणेशोत्सवाचा शनिवार. मंडळाने शाळेचा हॉल भाड्याने घेतला आहे, आत ३८० माणसे, मुले, आजी-आजोबा. दुपारपासून पाऊस. मग मी एकेक चिठ्ठी वाचत गेले.

पहिली चिठ्ठी: संध्याकाळी ६.४०, आरती चालू आहे. हॉलमधले सगळे फोन एकदम किंचाळतात. अतिवृष्टीने अचानक पूर, जिवाला धोका. कार्यक्रम कोण थांबवणार?

अध्यक्ष म्हणाले, आरती संपली की अनाउन्समेंट करू. चीफनी शांतपणे विचारले, आरती किती वेळ चालते? आमच्याकडचे लोक हसले. पाच आरत्या, मग 'घालीन लोटांगण', मग मंत्रपुष्पांजली, सगळे मिळून पंचवीस मिनिटे. चीफ हसले नाहीत. शाळेमागचा ओढा रस्त्यावर यायला तेवढा वेळ पुरतो, असे म्हणाले आणि नकाशावर बोट ठेवले. त्या ओढ्याला नाव आहे हेसुद्धा आमच्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी कळले.

इथे एक बारीक गोष्ट निघाली. डे केअरच्या बाईंनी विचारले, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांच्या फोनचे काय? पुष्कळ घरांत आजीचा फोन घरच्या वायफायवर चालतो, व्हॉट्सअ‍ॅप बघण्यापुरता. धोक्याचा तो कर्कश संदेश मोबाईलच्या टॉवरवरून येतो, वायफायवरून नाही. म्हणजे दिवसभर घरात एकटी असणारी जी व्यक्ती आहे, तिच्यापर्यंतच तो पोचत नाही. आणि पोचला तरी कोणत्या भाषेत? इडाच्या रात्रीचे संदेश इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये होते.

दुसरी चिठ्ठी: लोक गाड्यांकडे धावताहेत. मुलांना बेबीसिटरकडे ठेवून आलेले आई-वडील थांबायला तयार नाहीत. रेल्वेखालच्या अंडरपासमध्ये पाणी भरू लागले आहे.

यावर सर्वात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. मंडळाचे म्हणणे, पोलिसांनी गेटवर एक गाडी उभी करावी. समन्वयकांनी स्पष्ट सांगितले की तशा रात्री त्यांच्याकडे एकही गाडी मोकळी नसते. गेटवर जो कोणी उभा राहील तो तुमचाच माणूस असेल. मग त्या माणसाने काय बोलायचे? 'प्लीज जाऊ नका' म्हणून कोणी थांबत नाही. फर्स्ट एडच्या कॅप्टनने आकडे दिले: सहा इंच वाहते पाणी धडधाकट माणसाला पाडते, एक फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेते, दोन फूट एसयूव्हीसुद्धा. रात्री अंडरपासमधले पाणी सहा इंच आहे की चार फूट, हे स्टिअरिंगमागून दिसत नाही. शेवटी ठरले ते असे की निवेदकाच्या फाइलमध्ये अर्ध्या पानाचा मजकूर मराठीत आणि इंग्रजीत तयार ठेवायचा, कोणता रस्ता टाळायचा त्याच्या नावासकट, आणि गेटवर चार माणसे नारिंगी जॅकेट घालून उभी करायची. त्या चौघांची नावे कार्यक्रमाआधी ठरलेली हवीत. आपण प्रसादाच्या ड्यूट्या लावतोच की.

तिसरी चिठ्ठी: रात्रीचे साडेनऊ. दोनशे माणसे हॉलमध्ये अडकली आहेत.

शाळेच्या गृहस्थांनी करार काढला. हॉल दहापर्यंत. दहा वाजता कस्टोडियन कुलूप लावून जातो. ही शाळा अधिकृत निवारा नाही. अधिकृत निवारा अंडरपासच्या पलीकडे आहे. कस्टोडियनला थांबायला सांगण्याचा अधिकार कोणाला? ते, त्यांचे वरिष्ठ आणि समन्वयक एकमेकांकडे पाहू लागले. हे तिघे एकाच इमारतीत बसतात, पण हा प्रश्न त्यांना एकमेकांपुढे कोणी विचारलेला नव्हता. टेबलटॉपमध्ये मला आवडणारा क्षण हाच. प्रत्येकाने मनातल्या मनात जे काम दुसऱ्यावर सोपवलेले असते, त्याचा पत्ताच त्या दुसऱ्याला नसतो, हे सगळ्यांच्या देखत उघडे पडते. खऱ्या पुरात ते उघडे पडते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मग देवळाचे विश्वस्त म्हणाले, आमचे देऊळ अर्ध्या मैलावर उंचावर आहे, आमचा हॉल सर्वांना उघडा आहे. मनापासून म्हणाले. पास्टरनी विचारले, सर्वांना म्हणजे? माझ्या चर्चमधल्या एक बाई कुत्र्याशिवाय घर सोडणार नाहीत. कत्रिनात कितीतरी माणसे प्राण्यांसाठी घरात थांबली, म्हणून २००६ मध्ये प्राण्यांचा विचार योजनेत करायलाच हवा असा केंद्राने कायदा केला. कुत्रा देवळात येईल का? मग कोणीतरी विचारले, रेड क्रॉसच्या जेवणात टर्की सँडविच असेल तर? ओल्या बुटांनी दोनशे माणसे आली तर? आणि शेवटी गुरुद्वाराच्या सरदारजींनी जो प्रश्न विचारला त्यावर खोली गप्प झाली. ते म्हणाले, रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करणारी, कागदपत्रे नसलेली मुले आमच्या लंगरला येतात. तुमच्या हॉलच्या दाराशी पोलिस बसला असेल तर ती आत येणार नाहीत, पाण्यात राहतील. त्यांचे काय?

रेड क्रॉसच्या कार्यकर्तीने सांगितले की त्यांच्या निवाऱ्यात येणाऱ्याला नागरिकत्व किंवा व्हिसा विचारला जात नाही. समन्वयकांनी आपला माणूस दाराशी न ठेवता पार्किंगमध्ये ठेवण्याचे कबूल केले. विश्वस्त म्हणाले, बाकीचे मला समितीला विचारावे लागेल. तीन आठवड्यांनी उत्तर आले, लेखी. हॉलमध्ये त्या काळापुरते बूट चालतील. प्राणी चपला ठेवण्याच्या खोलीत. जेवणाबद्दल समितीत भांडण झाले आणि तोडगा असा निघाला की मागच्या दोन वर्गखोल्यांत कोणी काय खाल्ले हे कोणी बघणार नाही. एक विश्वस्त आजही त्यावर नाराज आहेत. असू देत. आपल्या पुरोगामी बैठकांत 'सर्वांसाठी' हा शब्द आपण फार सहज वापरतो. त्या शब्दाचा तपशील कुत्रा, बूट, टर्की आणि व्हिसा अशा क्रमाने ठरवावा लागतो, आणि तो कोरड्या दिवशी ठरवलेला बरा.

पुढच्या चिठ्ठ्या भराभर सांगते. वीज गेली, ऑक्सिजनचे यंत्र लागणारे एक आजोबा आहेत. न्यू जर्सीत अशा व्यक्तींची 'रजिस्टर रेडी' नावाची यादी असते, २११ ला फोन करून किंवा इंटरनेटवर फुकट नाव घालता येते, आणि मदत पथके तीच पाहतात. डे केअरमध्ये रोज येणाऱ्या आपल्या ज्येष्ठांपैकी एकाचेही नाव तिच्यात नव्हते. कोणीतरी जनरेटर आणून दाराजवळ लावला: चीफनी टेबलावर हात आपटला, कारण वादळापेक्षा कार्बन मोनॉक्साइडच्या केसेस त्यांनी जास्त पाहिल्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर 'धरण फुटले' असा मेसेज फिरू लागला: खरे-खोटे कोण ठरवणार? ग्रुपच्या अ‍ॅडमिनने समन्वयकांचा नंबर ठेवायचा आणि त्यांच्याकडून कळेपर्यंत ग्रुप बंद करायचा, असे ठरले. इतर कोणत्याही ठरावाला एवढ्या टाळ्या पडल्या नाहीत.

डॉक्टरांची गोष्ट मात्र सांगायला हवी. मंडळाचे अध्यक्ष अभिमानाने म्हणाले, आमच्या हॉलमध्ये कोणत्याही दिवशी दहा-बारा डॉक्टर असतात. फर्स्ट एडच्या कॅप्टन म्हणाल्या, मला त्यातला एकही वापरता येणार नाही. ज्यांचे लायसन्स, ज्यांची ओळख आधी तपासलेली नाही, त्यांच्या हाती त्या पेशंट सोपवू शकत नाहीत. त्यासाठीच मेडिकल रिझर्व्ह कोअर आहे, २००१ च्या हल्ल्यानंतर असे आपणहून धावून आलेले डॉक्टर-नर्सेस नीट वापरता आले नाहीत म्हणून २००२ मध्ये सुरू झालेली. नोंदणी आधी करायची असते. आपल्याकडे हुशारीची कमतरता कधीच नव्हती. फक्त ती त्या यादीत नव्हती.

सराव संपल्यावर तिथल्या तिथे अर्धा तास काय कच्चे निघाले ते बोलायचे असते, आणि मग लेखी अहवाल. माझी नोकरी औषध कंपनीत क्वालिटी विभागात गेली, त्यामुळे यातला माझा आवडता कागद म्हणजे सुधारणांची यादी. प्रत्येक ओळीपुढे माणसाचे नाव आणि तारीख. आमच्या यादीत चौदा ओळी होत्या, सहा महिन्यांनी नऊ पूर्ण झाल्या होत्या. कस्टोडियनचा प्रश्न सुटला, शाळेच्या करारात एक कलम वाढले. देवळाची रेड क्रॉसने पाहणी केली. दुसऱ्या भाषांतल्या सूचनांचे काम अजून रेंगाळले आहे.

ही यादी नसेल तर सरावाचा काही उपयोग नाही, आणि याचे या देशातले सर्वात कटू उदाहरण म्हणजे 'हरिकेन पॅम'. हे वादळ कधी आलेच नाही. जुलै २००४ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला पाच दिवस सराव झाला, स्थानिक, राज्य, केंद्र आणि स्वयंसेवी अशा पन्नास संस्थांचे लोक जमले. कल्पित वादळाचा वारा ताशी १२० मैल, पाऊस २० इंचांपर्यंत, न्यू ऑर्लीन्सचे बंधारे ओलांडून पाणी शहरात, दहा लाखांवर लोकांचे स्थलांतर, पाच ते सहा लाख इमारती नष्ट. पुढे काय झाले ते तुम्हाला माहीत आहे. तेरा महिन्यांनी, ऑगस्ट २००५ च्या अखेरीस, कत्रिना आले. ज्या एक लाखाच्या आसपास लोकांकडे गाडी नाही, ते शहराबाहेर कसे पडणार, हा प्रश्न माहीत असूनही सुटलेला नव्हता. पॅमचा आराखडा अपुरा होता. म्हणजे अंदाज जवळपास बरोबर निघाला आणि तो कागदावर राहिला. ज्यांच्याकडे गाडी नव्हती ती माणसे पन्नास संस्थांच्या त्या टेबलाभोवती किती होती, याचा अंदाज तुम्हीच करा.

याच्या उलट बॉस्टन. एप्रिल २०१३ मध्ये मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ बॉम्बस्फोट झाले. तिघे जागीच गेले, अडीचशेच्यावर जखमी झाले, कित्येकांचे पाय तुटले. पण जे हॉस्पिटलपर्यंत पोचले ते सगळे वाचले. तिथली हॉस्पिटले, पोलिस, अ‍ॅम्ब्युलन्सवाले आधीची वर्षे एकत्र सराव करत होते. दैवाचाही भाग होता, वैद्यकीय तंबू अगदी जवळ होता. तरीही कोणता जखमी कोणत्या हॉस्पिटलला, हे ठरवणारी माणसे एकमेकांना ओळखत होती, हा त्यातला मोठा भाग.

आता अशा खोलीत बसण्याचा आपला हक्क कुठून आला, ते सांगते, आणि हे सांगायचे म्हणूनच मी आज इथे यायला हो म्हटले.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. हजारो माणसे मेली. त्या वस्त्यांतल्या लोकांना कारखान्यात काय साठवले आहे, भोंगा वाजला तर कुठे पळायचे, तोंडावर ओले फडके धरायचे की नाही, यातले काही सांगितलेले नव्हते. पुढच्याच ऑगस्टमध्ये त्याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट या गावच्या कारखान्यात गळती झाली आणि शंभरावर लोकांना उपचार घ्यावे लागले. मग मात्र अमेरिकेला जाग आली. १९८६ मध्ये इथल्या काँग्रेसने आपत्ती नियोजनाचा आणि माहितीच्या हक्काचा कायदा केला. त्याखाली गावोगावी स्थानिक नियोजन समित्या आल्या. न्यू जर्सीत तर प्रत्येक नगरपालिकेची आणि प्रत्येक काउंटीची वेगळी. समितीवर पोलिस, अग्निशमन, हॉस्पिटल, वृत्तपत्रे, कारखानदार यांच्याबरोबर नागरी संघटनांचे प्रतिनिधी असले पाहिजेत असे कायदाच म्हणतो. योजनेचा सराव कसा आणि केव्हा करणार हेही योजनेत लिहावे लागते.

म्हणजे भोपाळच्या माणसांच्या मरणातून या देशातल्या प्रत्येक गावात एक टेबल मांडले गेले, आणि त्याभोवती एक खुर्ची नागरी संघटनांसाठी राखून ठेवली गेली. आपल्या किती गावांत त्या खुर्चीवर आपल्यातले कोणी बसले आहे? मी मध्य न्यू जर्सीत जिथे जिथे विचारले, तिथे आपल्या लोकसंख्येच्या मानाने उत्तर फारच लाजिरवाणे आले.

तीन हरकती मला नेहमी ऐकू येतात. पहिली, हे सरकारचे काम आहे, आपण टॅक्स कशासाठी भरतो? बरोबर, सरकारचेच आहे, आणि सरकारला त्याच्या कामाचा जाब त्याच्या समोर बसून विचारता यावा म्हणून तर जायचे. २०१२ च्या सँडीनंतर न्यू जर्सीत सत्तावीस लाख ग्राहकांची वीज गेली, बारा काउंट्यांत पेट्रोलला सम-विषम नंबरांचे रेशनिंग लागले. त्या रांगांत सरकारला शिव्या देणारे पुष्कळ होते, पण त्यानंतरच्या नियोजनाच्या बैठकांना मोजकेच गेले.

दुसरी हरकत वेळेची. तिला मी उत्तर देत नाही. ढोल-ताशाच्या सरावाला आठवड्यातून दोन संध्याकाळी आपण देतो.

तिसरी हरकत गंभीर आहे. मशिदीच्या प्रतिनिधींना मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा ते म्हणाले, पोलिस आमच्याकडे याआधी न बोलावता येऊन गेले आहेत. शेजारच्या मोठ्या शहराच्या पोलिसांनी न्यू जर्सीतल्या मशिदींवर, विद्यार्थी संघटनांवर पाळत ठेवल्याचे २०११-१२ मध्ये उघडकीला आले होते, त्याचा हा संदर्भ. 'सगळे एकत्र बसू' असे म्हणणे त्यांच्यासाठी माझ्याइतके सोपे नव्हते. त्यांनी अटी घातल्या: सराव लायब्ररीत व्हावा, कोणाच्याही प्रार्थनास्थळात नाही, हजेरीचा कागद पोलिसांकडे जाऊ नये, टिपणे सर्वांना सारखी मिळावीत. समन्वयकांनी त्या मान्य केल्या. मला विचाराल तर त्या अटींनी सराव सुधारला, आणि आता प्रत्येक सरावात आम्ही त्या घालतो. ज्यांना जायला भीती वाटते ते आले नाहीत तर टेबलाभोवती पुन्हा आपण सुखवस्तू मंडळीच उरतो, आणि सुखवस्तू मंडळींना पुरात सहसा बुडावे लागत नाही.

सुरुवात कशी करायची? टाऊनशिपच्या वेबसाइटवर आपत्ती व्यवस्थापन समन्वयकाचा नंबर असतो. फोन करा आणि दोन गोष्टी विचारा: स्थानिक नियोजन समितीची पुढची सभा केव्हा, आणि शेवटचा टेबलटॉप कधी झाला. बहुतेक समन्वयक अर्धवेळ काम करतात आणि असा फोन आल्यावर खूश होतात, हा माझा अनुभव. एका गावात मात्र चार महिने फोनला उत्तर मिळाले नाही, तेव्हा आम्ही पाच जण टाऊन कौन्सिलच्या सभेत जाऊन मायक्रोफोनवर तोच प्रश्न विचारला. दुसऱ्या आठवड्यात तारीख मिळाली. पहिला प्रसंग मोठा घेऊ नका, भूकंप आणि अणुबॉम्ब नकोत. तुमच्या गावात जे आधी घडून गेले आहे तेच घ्या. आणि निमंत्रणांची यादी करताना मंडळाच्या कार्यकारिणीपाशी थांबू नका. ग्रोसरीच्या दुकानात काम करणारा, मोटेल चालवणारे कुटुंब, घरी मुले सांभाळणाऱ्या मावशी, यांच्यातले निदान दोन जण खोलीत हवेतच. आमच्याकडे गाडी नसलेल्यांसाठी शाळेची बस मागवावी, ही सूचना पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या एका मुलाने केली, कारण त्या खोलीत बसने आलेला तो एकटाच होता.

चहाच्या टेबलावर मी पाकिटे ठेवली आहेत. त्यात आमच्या सरावाचा प्रसंग, सगळ्या चिठ्ठ्या आणि सुधारणांच्या यादीचा कोरा नमुना आहे, मराठीत आणि इंग्रजीत. कॉपी करायला कोणाची परवानगी नको. दुसऱ्या चिठ्ठीत रस्त्याच्या नावाची जागा मोकळी ठेवली आहे. तुमच्या गावात पाणी आधी कुठे भरते, ते तुमच्या चीफना विचारून तिथे लिहा.